भरवशाचा हात

१

'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. अपेक्षाभंगाचे दुःख इतक्या थोडक्या शब्दांत सांगणारी दुसरी म्हण माझ्या तरी ऐकिवात नाही. वर्गात ती समजावून सांगताना मात्र एक विचार नेहमी माझ्या मनात डोकावतो. त्या मुक्या जनावराचा यात अपराध तो कोणता? तिने आपला शिरस्ता पाळलाच होता. पारडीच होणार हा भरवसा मालकाचा, दुधाचा हिशेब मालकाचा आणि निराशाही मालकाचीच. म्हणीत नाव तेवढे तिचे लागले आणि पिढ्यान् पिढ्या चिकटून राहिले.

भरवसा ठेवणाराने केलेला हा अन्याय किती दूरवर जातो याचा सर्वांत बोलका पुरावा मला सापडला तो अमेरिकेतील बेसबॉल या खेळाच्या इतिहासात. आपल्याकडे बेसबॉलचे वेड नाही; आपले सारे वेड क्रिकेटने घेऊन टाकले आहे. तथापि, ज्याने शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसून 'आज याच्या हातात चेंडू द्यायला नको होता' असे शेजाऱ्याला एकदा तरी सांगितले असेल, त्याला न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाचे मन ओळखायला वेळ लागणार नाही.

खेळ समजावा एवढ्यापुरते थोडे सांगतो. दोन्ही संघांचे नऊ नऊ डाव होतात आणि प्रत्येक डावात तीन फलंदाज बाद करायचे असतात. म्हणजे एका संघाचे सत्तावीस बळी पडले की त्याचा खेळ आटोपला. साडेसाठ फुटांवरून चेंडू फेकतो तो पिचर. मैदानावर जे काही घडते ते त्याच्या हातातून चेंडू सुटल्यावरच घडते. सामना सुरू करणाऱ्या पिचरला तीन-चार दिवसांची विश्रांती लागते, म्हणून 'आज कोण टाकणार?' हा अमेरिकन रसिकाचा सकाळचा पहिला प्रश्न असतो. आणि क्रिकेटमध्ये नाही असा एक कठोर नियम येथे आहे. आपला कर्णधार गोलंदाजाला चार षटके बाजूला ठेवून पुन्हा चेंडू देऊ शकतो. बेसबॉलमध्ये पिचरला एकदा मैदानाबाहेर काढले की त्या दिवसापुरता तो संपला. संघाचा मॅनेजर संथ पावलांनी मैदानाच्या मधोमध जातो, हात पुढे करतो आणि पिचर त्याच्या तळव्यावर चेंडू ठेवतो. भरवसा काढून घेणे म्हणजे काय ते हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत असे दिसते. काढावे की ठेवावे, यावर त्या क्षणी प्रत्येक बाकावर एकेक न्यायालय भरलेले असते.

२

न्यायालय म्हटले की पुरावा आला. बेसबॉलमध्ये हा पुरावा आकड्यांचा असतो, आणि गमतीची गोष्ट अशी की ही आकड्यांची चोपडी बेसबॉलला दिली ती क्रिकेटवर लिहिणाऱ्या एका वार्ताहराने. हेन्री चॅडविक हा १८२४ साली इंग्लंडात एक्सेटर येथे जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कच्या पत्रांतून तो क्रिकेटच्या सामन्यांची वार्तापत्रे लिहीत असे. पुढे बेसबॉलने त्याला झपाटले, आणि क्रिकेटचा गुणफलक डोळ्यांपुढे ठेवून त्याने बेसबॉलचा कोष्टकबद्ध गोषवारा रूढ केला. सामना न पाहिलेला माणूसही दुसऱ्या दिवशी ते कोष्टक वाचून कोण खपला आणि कोण चमकला हे सांगू लागला. घरबसल्या मत देण्याची ही सोय झाली तेव्हापासून वादांना तोटा राहिला नाही.

पिचरच्या बाबतीत दोन आकडे विशेष मानले गेले. पहिला जय-पराजयाचा. संघाच्या विजयाचे श्रेय आणि पराजयाचे खापर प्रत्येक सामन्यात कोणा ना कोणा पिचरच्या नावावर जमा होते. दुसरा आकडा म्हणजे नऊ डावांमागे त्याच्या स्वतःच्या दोषाने गेलेल्या धावांची सरासरी. हा नॅशनल लीगने अधिकृत केला तो १९१२ साली. दुसरा आकडा बराच न्यायी, पहिला कमालीचा बेभरवशाचा. पिचरने दोनच धावा द्याव्यात आणि त्याच्या सोबत्यांनी एकही काढू नये, तर पराभव त्याच्याच खाती. परंतु लोकांच्या तोंडी बसला तो पहिलाच. कारण तो परीक्षेच्या निकालासारखा आहे. पास की नापास, एवढेच विचारणाऱ्याला मधल्या तीन तासांशी कर्तव्य नसते.

या चोपडीतील दोन खाती १९५६ सालच्या शरद ऋतूत शेजारीशेजारी उघडली गेली. एक होते ब्रुकलिन डॉजर्सच्या डॉन न्यूकमचे, दुसरे न्यूयॉर्क यांकीजच्या डॉन लार्सनचे. दोघांचे नाव एकच, आणि त्यांच्या नशिबाची एवढी उलटापालट कोणा कादंबरीकाराने रचली असती तर आम्ही समव्यवसायी लोकांनी त्याला अतिरंजित म्हटले असते.

३

डॉन न्यूकम हा धिप्पाड निग्रो खेळाडू १९४९ साली डॉजर्स संघात आला. त्याच्या आधी दोनच वर्षे, १९४७ मध्ये, याच संघाच्या जॅकी रॉबिन्सनने गोऱ्या लीगची बंद दारे उघडली होती. पहिल्याच वर्षी न्यूकमने सतरा सामने जिंकले आणि वर्षातील सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेचा पहिला सामना त्याच्या हाती आला. या मालिकेत सामना सुरू करणारा तो पहिला कृष्णवर्णीय पिचर. त्याने अकरा फलंदाजांना निव्वळ चेंडूच्या जोरावर चकवले. आठ डावांत यांकीजना एकही धाव मिळू दिली नाही. नवव्या डावात टॉमी हेन्रिचने त्याला होमरन मारला. डॉजर्सनी काढलेल्या धावा शून्य. सामना १-० असा हरला, आणि चोपडीत लिहिले गेले: न्यूकम, पराभव.

पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात या गृहस्थाने फिलाडेल्फियाविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने सुरू केले. पहिला पूर्ण टाकून २-० असा जिंकला आणि दुसऱ्यात सात डाव टाकले. १ ऑक्टोबर १९५० रोजी हंगामाचा अखेरचा निर्णायक सामना आला. न्यूकमने नऊ डावांत एकच धाव दिली. दहाव्यात डिक सिसलरने तीन धावांचा होमरन मारला आणि डॉजर्स हरले. १९५१ साली तर कळसच झाला. २९ सप्टेंबरला त्याने पूर्ण सामना टाकून प्रतिपक्षाला शून्यावर रोखले. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन पावणेसहाच्या आसपास डाव सांभाळले. आणि ३ ऑक्टोबरला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात नवव्या डावापर्यंत तोच उभा होता. तो मैदानाबाहेर गेला तेव्हा डॉजर्स ४-२ असे पुढे होते. त्याच्या जागी राल्फ ब्रँका आला आणि बॉबी थॉमसनने त्याला मारलेला होमरन अमेरिकन खेळाच्या दंतकथेत जाऊन बसला.

आता प्रेक्षकांचा निकाल ऐका. या तीन घटनांतून लोकांनी काढलेले अनुमान असे की, न्यूकम मोठ्या सामन्यात कच खातो! ज्याने थकल्या हाताने चार-पाच दिवसांत बावीसहून अधिक डाव टाकले, तो ऐन वेळी माघार घेणारा. नऊ डाव शर्थ करून दहाव्यात हरला, तो काळजाचा कच्चा. पहिल्या डावात ढेपाळला असता तर लोक म्हणाले असते, 'आज त्याचा दिवस नव्हता.' शेवटपर्यंत उभा राहिला, म्हणून शेवटची दुर्घटना त्याच्या पदरात पडली आणि तीच त्याची ओळख ठरली. ही ओळख एका काळ्या माणसाला इतक्या चटकन चिकटली यात काळाचाही हात होता. गोऱ्या पिचरच्या अपयशाला लोक दुर्दैव म्हणत. काळ्याच्या अपयशात त्यांना त्याचा स्वभाव दिसे, आणि कित्येकांना त्याच्या साऱ्या जातीचाही. रॉबिन्सनला मैदानात येऊन अवघी चारच वर्षे झाली होती हे विसरता कामा नये.

मग दोन वर्षे सक्तीच्या लष्करी नोकरीत गेली. परत आल्यावर १९५५ साली त्याने वीस सामने जिंकले, पाच हरला. त्याच साली डॉजर्सनी पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज जिंकली. परंतु न्यूकम आपला एकुलता एक सामना हरला होता. १९५६ साली त्याने कमालच केली: सत्तावीस विजय आणि सातच पराजय. सर्वोत्तम पिचरसाठी साय यंग पारितोषिक त्या वर्षी प्रथमच ठेवण्यात आले आणि पहिला मान त्याचा. लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडूही तोच. आता तरी शेरा बदलायला हवा होता. परंतु ब्रुकलिनच्या गल्लीबोळांत चर्चा चालली ती हीच: 'सत्तावीस खरे, पण ऑक्टोबरात काय?'

४

यांकीजच्या डॉन लार्सनची गोष्ट याच्या नेमकी उलट. उंचापुरा, हसरा, रात्री उशिरापर्यंत जागण्याची आवड असलेला हा गडी १९५४ साली बाल्टिमोर संघाकडून खेळला तेव्हा त्याचे जय-पराजय होते तीन आणि एकवीस. एकवीस पराभव! तो संघच त्या वर्षी शंभर सामने हरला होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आणखी एक मौजेची गोष्ट अशी की त्याच्या तीन विजयांपैकी दोन यांकीजविरुद्धच होते. वर्षअखेरीस सतरा खेळाडूंच्या एका अवाढव्य देवघेवीत तो यांकीजकडे आला. १९५६ च्या वसंतात सरावशिबिर चालू असताना उत्तररात्री त्याने मोटार एका खांबावर आदळली. मॅनेजर केसी स्टेंगेलने त्याला हाकलले नाही, इतकेच. त्या हंगामात त्याने अकरा सामने जिंकले; तथापि त्याच्यावर कोणी घर गहाण ठेवले नसते.

मालिकेचा दुसरा सामना ५ ऑक्टोबरला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर झाला आणि दोन्ही डॉन समोरासमोर आले. न्यूकमला दुसऱ्याच डावात योगी बेराने चार धावांचा होमरन मारून बाहेर घालवले. यांकीज ६-० असे पुढे गेले. एवढी शिदोरी हातात असताना लार्सनने काय करावे? चार फलंदाजांना फुकटचे बेस बहाल केले आणि दोन डावही पुरे न करता तोही बाहेर. अखेर डॉजर्सनी तो सामना १३-८ असा जिंकला. म्हणजे न्यूकमचा संघ जिंकला होता; तरी लोकांच्या लक्षात राहिले ते त्याचे बाहेर जाणे. मैदानाबाहेर मोटारी लावण्याच्या जागी कोणीसा त्याला त्यावरून टोचून बोलला आणि प्रकरण हातघाईवर आले. सत्तावीस सामने जिंकून दिलेल्या माणसाला त्याच्याच गावात ही दक्षिणा मिळाली.

८ ऑक्टोबरला यांकी स्टेडियमवर पाचवा सामना होता. मालिका २-२ अशी बरोबरीत. डॉजर्सतर्फे एकोणचाळीस वर्षांचा अनुभवी साल मॅग्ली टाकणार होता. त्याने पहिला सामना जिंकला होता आणि दोनच आठवड्यांपूर्वी एका सामन्यात प्रतिपक्षाला एकही फटका मारू दिला नव्हता. भरवसा कोणावर ठेवावा हे सांगायला चोपडीही उघडायला नको होती. स्टेंगेलने निवडले लार्सनला. त्या काळी यांकीजच्या पिचरला आपली पाळी कळे ती बुटात ठेवलेल्या चेंडूवरून. लार्सन खोलीत आला, तो चेंडू त्याच्या बुटात. चौसष्ट हजार पाचशे एकोणीस प्रेक्षक बसले होते. त्यांतील बहुतेकांनी दोन डावांपलीकडे त्याच्याकडून काही अपेक्षिले असेल असे वाटत नाही.

पहिला डाव वगळता त्या सामन्याचे चित्रण आजही पाहायला मिळते. लार्सनने हंगामाच्या अखेरीस हात डोक्यावर न नेता, जागच्या जागी उभे राहून चेंडू टाकण्याची पद्धत धरली होती. तिच्यामुळे त्याची फेक कमालीची सरळ झाली होती. तीन फलंदाज बाद, सहा बाद, नऊ बाद. दुसऱ्या डावात रॉबिन्सनचा सणसणीत फटका अँडी केरीच्या हातमोज्यावर आदळून नेमका मॅक्डूगल्डकडे गेला आणि रॉबिन्सन थोडक्यात बाद झाला. पाचव्यात गिल हॉजेसचा लांब फटका मिकी मँटलने धावत जाऊन टिपला. लगेच सँडी अमोरोसचा चेंडू प्रेक्षकांत पडला तो हाताएवढ्या अंतराने रेषेबाहेर. चवथ्या डावात मँटलच्या होमरनने आणि सहाव्यात बाउअरच्या फटक्याने यांकीजना दोन धावा मिळाल्या होत्या. मॅग्लीही सुरेख टाकीत होता.

५

येथे प्रेक्षकांचे वागणे पाहण्यासारखे आहे. सामन्याआधी ज्याच्यावर मनसोक्त बोलले गेले, त्याच्याविषयी आता बोलायचेच नाही असे जणू सर्वांनी ठरवले. बेसबॉलमध्ये असा समज आहे की पिचर एकही फटका न देता पुढे चालला असेल तर त्या गोष्टीचे नाव घेऊ नये. घेतले की दृष्ट लागते. आपल्याकडे तान्ह्या पोराला 'किती गुटगुटीत' म्हणायची चोरी, तसेच. यांकीजच्या बाकावर कोणी लार्सनशी बोलेना. त्यानेच मँटलला काही विचारले तर मँटल मुकाट्याने दूर निघून गेला.

या समजुतीला नऊ वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाने बळ दिले होते. १९४७ च्या मालिकेत यांकीजच्या बिल बेवेन्सने एबेट्स फील्डवर एकही फटका न देता नवव्या डावातील दोन बळी घेतले. फुकटचे बेस मात्र त्याने दहा दिले होते. हंगामभर सात जिंकून तेरा हरलेला हा साधा पिचर. रेडिओवर समालोचन करीत होता रेड बार्बर. तो वार्ताहराच्या बाण्याचा माणूस. जे घडत आहे ते सांगायचे, म्हणून त्याने श्रोत्यांना स्पष्ट सांगून टाकले. मग कुकी लॅवॅजेटोने फटका मारला, दोन गडी घरी आले आणि यांकीज ३-२ असे हरले. दृष्ट लावल्याबद्दल बार्बरला बोल सोसावे लागले. बेवेन्सने मोठ्या लीगमध्ये पुन्हा एकही सामना सुरू केला नाही. दमलेल्या हाताने दिलेल्या दहा फुकट बेसांकडे पाहण्यापेक्षा समालोचकाच्या जिभेकडे बोट दाखवणे सोपे होते.

१९५६ च्या त्या सोमवारी हीच धास्ती स्टेडियमवर पसरली. नवव्या डावात फुरिलो झेलबाद झाला. कँपानेला बाद झाला. मॅग्लीच्या जागी डेल मिचेल फलंदाजीला आला. लार्सनच्या सत्त्याण्णवाव्या चेंडूवर मिचेलने बॅट अर्धवट उचलून थांबवली आणि पंच बेब पिनेलीने त्याला बाद दिले. सत्तावीस आले, सत्तावीस गेले; कोणी पहिल्या बेसवर पोहोचला नाही. योगी बेरा धावत जाऊन लार्सनच्या अंगावर उडी मारून बिलगला. असा निर्दोष सामना मोठ्या लीगमध्ये १९२२ नंतर झाला नव्हता, आणि वर्ल्ड सीरिजमध्ये त्याआधी कधीच नाही आणि नंतर आजतागायत नाही.

आणि दोन दिवसांनी, १० ऑक्टोबरला, सातव्या सामन्यात न्यूकमच्या हाती चेंडू आला. बेराने त्याला पहिल्या आणि तिसऱ्या डावात होमरन मारले, चौथ्यात हॉवर्डने मारला, आणि तो बाहेर पडला. यांकीज ९-० असे जिंकले. भरवशाच्या माणसाने दगा दिला आणि बेभरवशाच्या माणसाने आकाशाला हात लावला, असे सारे गाव म्हणाले.

परंतु चोपडी तेवढ्यावर मिटत नाही. लार्सनच्या साऱ्या कारकिर्दीचा हिशेब आहे एक्याऐंशी विजय आणि एक्याण्णव पराजय. त्या सोमवारने तो भरवशाचा झाला नाही. न्यूकमच्या नावावर लीगमधले एकशे एकोणपन्नास विजय आहेत आणि नव्वद पराजय. वर्ल्ड सीरिजमधल्या चार पराभवांनी तो बेभरवशाचा ठरतो काय? एका दुपारचे खरे आणि एका जन्माचे खरे ही दोन निरनिराळी खाती आहेत. प्रेक्षक मात्र एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात मांडतो.

६

तेव्हापासून आकडे पुष्कळ वाढले. १९८५ साली जॉन लोव या क्रीडालेखकाने 'समाधानकारक सुरुवात' मोजण्याची एक रीत सुचवली: पिचरने निदान सहा डाव टाकावेत आणि तीनहून अधिक धावा स्वतःच्या दोषाने देऊ नयेत. जय-पराजयापेक्षा ही कसोटी पुष्कळ बरी. पुढे चेंडू मोजले जाऊ लागले, एकाच फलंदाजासमोर तिसऱ्यांदा गेल्यावर पिचर किती महाग पडतो हेही मोजले गेले. १९५३ साली एकट्या रॉबिन रॉबर्ट्सने तेहतीस सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत टाकले होते; २०२३ साली तीसही संघांचे मिळून असे चाळीस सामने झाले नाहीत. तरी बाकावरचे न्यायालय उठलेले नाही. दोनच खटले सांगतो.

१६ ऑक्टोबर २००३. यांकी स्टेडियमवर बॉस्टन रेड सॉक्सचा निर्णायक सामना. बॉस्टनचा पिचर पेद्रो मार्टिनेझ, त्या पिढीतला सर्वोत्तम. सात डाव झाले तेव्हा त्याचे शंभर चेंडू भरले होते आणि थोड्याच वेळात बॉस्टन ५-२ असे पुढे गेले. शंभरानंतर त्याचा हात उतरतो हे बॉस्टनच्या रसिकांना ठाऊक होते. आठव्या डावात जीटरने आणि बर्नी विल्यम्सने फटके मारले. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेला, पेद्रोशी बोलला आणि रिकाम्या हाताने परतला. घरोघरी दूरचित्रवाणीपुढे बसलेले लोक ओरडत होते. मात्सुईने फटका मारला, पोसाडाने मारला, बरोबरी झाली. अकराव्या डावात आरन बूनच्या होमरनने बॉस्टन हरले. १९१८ पासून वर्ल्ड सीरिज न जिंकलेल्या त्या शहराने दोष दिला लिटलला, आणि त्याची नोकरी गेली.

२७ ऑक्टोबर २०२०. ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेलेले तेच डॉजर्स, समोर टँपा बेचा ब्लेक स्नेल. साडेपाच डावांच्या आसपास त्याने दोनच फटके दिले होते, नऊ जणांना चकवले होते आणि चेंडू टाकले होते अवघे त्र्याहत्तर. १-० अशी आघाडी. मॅनेजर केव्हिन कॅश बाहेर आला आणि त्याने चेंडू मागून घेतला. कारण आकडे सांगत होते की तिसऱ्या फेरीत स्नेल महाग पडेल. ज्या मूकी बेट्सला त्या रात्री स्नेलने दोनदा चकवले होते, त्यानेच नव्या पिचरला फटका मारला. डॉजर्स ३-१ असे जिंकले.

पहिल्याने चोपडी बाजूला ठेवून माणसावर विश्वास ठेवला. दुसऱ्याने डोळ्यांसमोरच्या माणसापेक्षा चोपडी खरी मानली. दोघांनाही लोकांनी एकाच जिभेने धुतले. लिटल चुकला, कारण हात उतरलेला दिसत होता. कॅशच्या बाबतीत मला वाटते की आकडा बरोबर असूनही प्रश्न चुकला होता. असे शेकडो सामने टाकले तर सरासरीने काय होईल, याचे उत्तर आकडा देतो. या माणसाच्या हातात आज काय आहे, हे पाहायला डोळेच लागतात. जाणता रसिक दोन्ही विचारतो आणि दोन्ही उत्तरे निरनिराळी ठेवतो.

७

मी शाळामास्तर आहे, आणि शेरे लिहिणे हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. 'हुशार, पण भरवसा नाही', 'ऐन परीक्षेत कचरतो' असले शेरे प्रगतिपुस्तकांतून सगळीकडे सर्रास आढळतात. आकडे लिहावेच लागतात. त्यांना माझी हरकत नाही. गणितात बावन्न गुण पडले ही घडलेली गोष्ट आहे. कचरतो, हा मात्र मुलाच्या काळजावर लावलेला शिक्का आहे. तो कोणत्या कोष्टकातून आला हे कोणी विचारीत नाही. पोर मोठे होते, गाव सोडते, शिक्का त्याच्याबरोबर चालत राहतो. म्हणूनच न्यूकमचे खाते मला लार्सनच्या सत्तावीस बळींहून अधिक काळ वाचत बसावेसे वाटते.

त्या खात्याचे शेवटचे पान बेसबॉलच्या चोपडीत नाही. १९५६ नंतर न्यूकमला दारूने ग्रासले. मैदानावरचे दिवस लवकर सरले, पैसा गेला, घर मोडकळीस आले. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्याने दारू सोडली आणि पुन्हा तिला शिवला नाही. त्यानंतर अनेक वर्षे तो डॉजर्स संघाच्याच कामावर राहून व्यसनात सापडलेल्या खेळाडूंना हात देत हिंडला. डॉजर्सचा एके काळचा गाजलेला धावपटू मॉरी विल्स व्यसनाच्या गाळात रुतला होता; आपल्याला न्यूकमने वर काढले असे तो उघड सांगत असे. न्यूकम १९ फेब्रुवारी २०१९ रोजी वारला, ब्याण्णव वर्षांचा होऊन. लार्सन त्याच्यामागोमाग, १ जानेवारी २०२० रोजी गेला.

ऐन वेळी हा माणूस टिकत नाही, असे ज्याच्याविषयी सारे ब्रुकलिन बोलत होते, त्याच्याकडे पुढली पन्नास वर्षे लोक नेमके ऐन वेळीच धावत गेले. त्या सामन्यांना प्रेक्षक नव्हते आणि त्यांची कोष्टके कोणी छापली नाहीत.